छप्पर नाही, पण तिकीट आहे

"अगंबाई, ह्याला छप्परच नाही! आणि ह्याचं तिकीट काढलंत तुम्ही?"

जास्वंदीच्या कुंपणावरून वहिनींनी माझा फोन हातात घेतला, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि एका फोटोत निकाल लावून टाकला. मी म्हटलं, "अहो वहिनी, छप्पर कुठे गेलं तीच तर सगळी भानगड आहे. गॅसवर दूध नाही ना ठेवलंय? मग ऐका."

तर हे व्हिटबी. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, यॉर्कशरमधलं मच्छीमारांचं गाव. लेक लीड्सला असते, तिथून आम्ही बसनं गेलो. वाटेत नजर पोचेल तिथवर माळ. झाड म्हणून नाही, नुसती हेदरची बुटकी झुडपं. ऑगस्टात सगळं जांभळंशार होतं. ह्यांचं आपलं चालूच होतं, "एवढी जागा पडलीय, इथे काही पेरत का नाहीत?" मग एक चढ संपतो आणि समोर एकदम समुद्र. एस्क नदी समुद्राला मिळते तिथे दोन्ही अंगांना उंच कडे, आणि पूर्वेच्या कड्यावर ही ॲबी, म्हणजे ख्रिस्ती साधूंचा मठ. बसमधल्या सगळ्यांनी एकदम फोन वर काढले. मीही काढला, खोटं कशाला बोलू.

"आणि वर जायला लिफ्ट?"

"कसली लिफ्ट! एकशे नव्याण्णव पायऱ्या."

ह्यांनी मोजायला सुरुवात केली, वाटेत कुणाच्या तरी कुत्र्याशी बोलत उभे राहिले आणि आकडा विसरले. दर दहाव्या पायरीला रोमन आकड्याची बारीकशी चकती बसवलेली आहे, ती त्यांना उतरताना दिसली. खालच्या गल्लीत हेरिंग मासे धुरावर ठेवतात. तो वास अर्ध्या पायऱ्यांपर्यंत सोबत येतो, मग वारा सुरू होतो. मधे मधे टेकायला जागा केलेली आहे. मी टेकले. तेव्हा लेक म्हणाली, आई, ही जागा माणसांसाठी नव्हती. वरच्या सेंट मेरी चर्चच्या दफनभूमीत शवपेट्या खांद्यावरून न्यायचे, तेव्हा खांदेकऱ्यांना दम खायला, पेटी ठेवायला ही सपाटी.

"मग उठलात की नाही?"

"उठते कशाला! गुडघे माझे आहेत."

चर्च ओलांडून पुढे गेलं की ॲबी. वहिनी, फोटोत ती नुसती भिंत दिसते, पण जवळ गेल्यावर मान मागे टाकावी लागते. पूर्वेकडची बाजू सगळ्यात शाबूत आहे. खाली तीन उंच निमुळत्या खिडक्या, त्यांच्यावर तीन, त्यांच्याही वर तीन. काच एकीलाही नाही, त्यामुळे नऊच्या नऊ खिडक्यांतून आभाळ दिसतं, आणि ते दर दोन मिनिटांनी वेगळं असतं. खाली हिरवळ राखलेली, तिच्यात जुन्या खांबांचे नुसते बुंधे. दगड वालुकाश्म. खारा वारा शेकडो वर्षं त्याला खातोय. काही ठिकाणी तो इतका पोखरलाय की बोट आत जातं, आणि बोट काढलं की टोकाला वाळू. कमानींच्या कडेनं चार पाकळ्यांच्या टोकदार फुलांची ओळच्या ओळ कोरलेली आहे. वाऱ्याकडची फुलं झिजून नुसते उंचवटे राहिलेत, आडोशाची अजून पाकळी न् पाकळी मोजता येते. मी तिथेच सगळ्यात जास्त वेळ उभी होते. ह्यांनी दोनदा हाक मारली.

"पण ह्या कमानी कुठे तरी बघितल्यासारख्या वाटतात," वहिनी फोटो मोठा करत म्हणाल्या. "व्हीटीला आहेत ना अशा?"

अगदी बरोबर ओळखलं. टोकदार कमान तीच, गॉथिक. फक्त आपल्या व्हीटीचं काम सुरू झालं १८७८ साली. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजांना आपल्या जुन्या चर्चचं आणि मठांचं प्रेम पुन्हा उफाळून आलं, त्या लाटेतली ती. हे त्या लाटेच्या मुळाशी असलेलं. १२२० च्या दशकात बांधायला घेतलेलं. तेव्हा देवगिरीला यादव राज्य करत होते. कमान गोल न ठेवता वर टोकदार केली की भार बाजूला कमी आणि खाली जास्त उतरतो, म्हणून भिंत चिरून एवढाल्या खिडक्या ठेवता येतात. त्या काळी हे म्हणजे नवलच होतं. काम मात्र रेंगाळलं. पैसे संपले की थांबायचे, आले की पुढे. पश्चिमेकडच्या टोकापर्यंत पोचायला शंभरावर वर्षं गेली.

"बिल्डर सगळीकडे सारखेच," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या पुतण्याचा फ्लॅट अडकलाय, त्यामुळे तो विषय मी वाढवला नाही.

आता छप्पर. आठवा हेन्री राजा तुम्हाला माहीत आहे.

"तोच ना, सहा बायकांवाला?"

तोच. पहिलीशी झालेलं लग्न मोडून मिळावं म्हणून पोपच्या मागे लागला. पोप बधेना. मग ह्यानं काय करावं? १५३४ मध्ये कायदाच करून घेतला, की इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख मीच. एकदा तसं झाल्यावर पोपला मानणारे हे मठ डोळ्यांत सलायला लागले, आणि त्यांच्या जमिनी डोळ्यांत भरायला लागल्या. १५३६ ते १५४० एवढ्यात आठशेच्या आसपास मठ बंद केले. व्हिटबीची पाळी आली १५३९ च्या डिसेंबरात. सरळ राजाच्या नावानं लिहून घेतलं, साधूंना पेन्शन देऊन बाहेर काढलं.

आणि मग सगळ्यात आधी काय काढलं, तर छपराचं शिसं. तेव्हा मोठ्या इमारतींच्या छपरावर शिशाचे पत्रे असायचे, आणि शिशाला चांगला भाव. ते वितळवून विकायचं. घंटाही तशाच गेल्या. इथली दंतकथा अशी, की घंटा जहाजावर चढवल्या आणि जहाज कड्याच्या जवळच बुडालं. अजूनही त्या पाण्याखाली वाजतात म्हणे. मी कान देऊन ऐकलं. सीगलच्या कलकलाटात घंटा काय, शेजारी उभा असलेला नवरा ऐकू येत नव्हता.

एकदा शिसं गेलं की पाऊस लाकडात, लाकडातून भिंतीत. त्याला वेगळा सुरुंग लावावा लागत नाही. तरी ही भिंत एवढी उभी राहिली, ती दर्यावर्दींच्या कृपेनं म्हणतात. समुद्रावरून येणाऱ्या गलबतांना ती खूण होती, म्हणून कुणी मुद्दाम पाडली नाही. अठराव्या शतकात एकेक भाग आपणहून ढासळला. मधला मोठा मनोरा १८३० साली कोसळला. आणि कळस म्हणजे १६ डिसेंबर १९१४ ला, पहिल्या महायुद्धात, जर्मन युद्धनौकांनी ह्या किनाऱ्यावर तोफा डागल्या, तेव्हा पश्चिमेच्या दर्शनी भागावर गोळे बसले.

"आणि जमीन कुणी ढापली?"

मला माहीतच होतं वहिनी हे विचारणार. चम्ली म्हणून घराणं होतं, त्यांनी घेतली. मठाच्या आवारातच, मठाचेच चिरे वापरून वाडा वाढवला, पुढे ऐसपैस दर्शनी बाजू उठवली. आणि अठराव्या शतकात एका वादळात त्यांच्याही वाड्याचं छप्पर उडालं.

"फळलं नाही बघा!" वहिनींचा चेहरा असा उजळला की मला अधिक काही सांगावंसंच वाटेना. आता त्याच वाड्याच्या भिंतींच्या आत म्युझियम आणि दुकान केलंय.

पण वहिनी, मला खरा राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. तिथे येणाऱ्या दहातल्या आठांना ह्यातलं काही नको असतं. त्यांना हवा असतो ड्रॅक्युला.

"ईऽऽ, तो रक्त पिणारा? तो तिथला?"

कुठला तिथला! झालं असं, की १८९० च्या उन्हाळ्यात ब्रॅम स्टोकर नावाचा आयरिश लेखक हवापालटाला व्हिटबीत येऊन राहिला. गावच्या वाचनालयात त्याला रुमेनियाकडच्या मुलुखाबद्दलचं एक जुनं पुस्तक मिळालं, त्यातून 'ड्रॅक्युला' हे नाव त्यानं उचललं. पाच वर्षांपूर्वी एक रशियन जहाज ह्याच कड्याखाली वाळूत रुतलं होतं, ती हकिगत कुणीतरी सांगितली. झालं काम. १८९७ ला कादंबरी आली. तिच्यात असंच जहाज वादळात इथे लागतं, त्यातून मोठा थोरला कुत्रा उडी मारतो आणि कड्यावरच्या दफनभूमीच्या रोखानं अंधारात पळत सुटतो. तेव्हापासून लोक येतात ते येतातच. सेंट मेरी चर्चमध्ये पाटी लावायची वेळ आली, की कृपया ड्रॅक्युलाची कबर कुठे आहे हे विचारू नका, ती नाही. २०२२ मध्ये कादंबरीला १२५ वर्षं झाली, तेव्हा ॲबीच्या हिरवळीवर १,३६९ माणसं काळे झगे घालून, सुळे लावून जमली आणि जागतिक विक्रम केला. एरवीही काळे कपडे, काळं लिपस्टिक, काळी छत्री असली पोरं वर्षातून दोनदा तिथे मेळ्याला येतात. तशातलीच एक आम्हाला पायऱ्यांवर भेटली. तिनं माझी पिशवी आपणहून वरपर्यंत नेली, तेव्हा त्यांना नावं ठेवायची नाहीत मला. पण तिलाही विचारलं, इथे हिल्ड नावाची बाई होऊन गेली ना? तर म्हणाली, "कोण?"

"कोण?" वहिनीही म्हणाल्या.

तेच तर! बसा त्या कट्ट्यावर, हे उभ्यानं सांगायचं नाही.

ह्या गॉथिक भिंतींच्या सहाशे वर्षं आधीची गोष्ट. ६१४ साली एका राजघराण्यात मुलगी जन्मली. ती पाळण्यात होती तेव्हाच बापाला परमुलखात विष घालून मारलं. आईला म्हणे स्वप्न पडलं होतं: नवरा हरवलाय, ती वणवण शोधतेय, आणि अचानक स्वतःच्याच वस्त्राआड तिला एक रत्नहार सापडतो, त्याच्या तेजानं सगळा ब्रिटन उजळून निघतो. तो हार म्हणजे ही हिल्ड. तेहेतीस वर्षं संसारी जगात काढली, मग संन्यास घेतला, आणि ६५७ मध्ये ह्या कड्यावर मठ उभा केला. त्या मठात पुरुषही आणि बायकाही. आणि सगळ्यांवर प्रमुख ही बाई.

"पुरुष ऐकायचे?"

ऐकायचे म्हणजे काय, राजेसुद्धा सल्ला विचारायला यायचे. तिच्या हाताखाली शिकलेले पाच जण पुढे बिशप झाले. मठात कुणी श्रीमंत नाही, कुणी गरीब नाही, सगळं सामाईक. लहानथोर सगळे तिला आई म्हणायचे. हे मी पदरचं सांगत नाही, बीड नावाचा साधू-इतिहासकार तिच्या मृत्यूनंतर पन्नासएक वर्षांनी लिहून गेलाय.

आता घरातल्या गोष्टी ऐका. तिथला राजा ऑस्विऊ. लढाईला निघताना नवस बोलला, की जिंकलो तर मुलगी देवाला वाहीन. जिंकला. मुलगी जेमतेम वर्षाची. ती तान्ही पोर हिल्डच्या ओटीत आणून घातली. हिल्डनं तिला वाढवली, आणि हिल्डच्या पश्चात त्या पोरीच्याच हाती मठ आला. तिची आई, म्हणजे राणी, नवऱ्यामागे त्याच मठात येऊन लेकीजवळ राहिली.

"राजा नवस बोलला आणि फेडला पोरीनं," वहिनी म्हणाल्या.

त्याच राजाराणीचं आणखी एक गंमतशीर आहे. राजा आयर्लंडच्या साधूंच्या परंपरेतला, राणी केंटमध्ये वाढलेली, रोमच्या परंपरेतली. ईस्टर कधी धरायचा ह्याची दोघांची कोष्टकं वेगळी. आपल्याकडे स्मार्त आणि भागवत एकादशी एकेक वेळा दोन दिवशी येते ना, तसं. पण आपलं एका दिवसावर निभावतं. ह्यांच्याकडे राजा उपास सोडून ईस्टरचं जेवण जेवतोय आणि राणी अजून उपासातच, असं व्हायचं. शेवटी ६६४ मध्ये हिल्डच्या मठात सभा भरली. साधूंनी डोकं कसं भादरायचं, ह्यावरही तेव्हा वाद होता. एका बाजूला कोल्मन, एका बाजूला विल्फ्रिड, दोघेही विद्वान. विल्फ्रिड म्हणाला, आमची रीत संत पीटरची, आणि स्वर्गाच्या किल्ल्या त्याच्याकडे आहेत. राजानं कोल्मनला विचारलं, हे खरं का? तो म्हणाला, खरं. मग राजा हसून म्हणाला, दारावर जो उभा आहे त्याच्याशी मी वैर धरत नाही, उद्या त्यानं आत घेतलं नाही तर? संपला वाद. इंग्लंडची धर्मसत्ता रोमकडे झुकली ती तिथून.

"आणि राणीचं खरं ठरलं."

राणीचं खरं ठरलं. हिल्ड मात्र हरलेल्या बाजूची होती. पण निकाल लागल्यावर तिनं तो मानला आणि कामाला लागली. मला तिचं हेच फार आवडलं.

तिच्या मठात गुरं राखणारा एक गडी होता, केडमन. जेवणानंतर वीणेसारखं वाद्य हातोहात फिरायचं, ज्याच्याकडे येईल त्यानं गायचं. ह्याला येत नव्हतं, म्हणून वाद्य जवळ यायला लागलं की हा हळूच उठून गोठ्यात. एका रात्री स्वप्नात कुणीतरी म्हणालं, गा. सकाळी उठला तो गाणं घेऊनच. हिल्डनं त्याला बोलावलं, सगळ्या विद्वानांसमोर ऐकलं आणि गुराखी म्हणून हाकललं नाही, मठात घेतलं. इंग्रजीतला नावानिशी ठाऊक असलेला पहिला कवी तो. ह्याची कबर कुठे, असं कुणी विचारत नाही, म्हणून पाटीही लावावी लागत नाही.

"मग ह्या भिंतीत तिचं काय आहे?"

काहीच नाही. तिचा मठ नवव्या शतकात डेन्मार्ककडून आलेल्या लुटारूंनी बुडवला. दोनशे वर्षं जागा ओसाड. मग नॉर्मन फौजेतला रेनफ्रिड नावाचा सैनिक साधू होऊन आला, त्यानं पुन्हा सुरुवात केली. हा नवा मठ मात्र फक्त पुरुषांचा. बाईनं उभ्या केलेल्या जागेत बायका नाहीत! तिच्या काळातलं जमिनीखालून जे निघालं ते थोडंथोडकं: मागाला लावायची वजनं, लिहायच्या सळया, एक हाडाचा कंगवा, त्यावर रून अक्षरं कोरलेली.

गाव मात्र तिला विसरलेलं नाही. कथा अशी, की कड्यावर साप फार होते, हिल्डनं त्यांचे दगड केले. किनाऱ्यावर वेटोळे घातलेले दगड सापडतात ते हेच. खरं तर ते अमोनाइट, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्री जिवांचे जीवाश्म. गावच्या बोधचिन्हात तसे तीन आहेत, आणि अमोनाइटच्या एका जातीला शास्त्रज्ञांनी हिल्डचंच नाव दिलंय. पूर्वी दुकानदार त्यांना सापाचं तोंड कोरून विकायचे, म्हणजे गिऱ्हाइकाची खात्री पटावी. तसला एक मी हातात घेतला. तोंड बटबटीत, पण वेटोळं पाहिलं आणि मी ह्यांना म्हटलं, अहो, हा तर शाळिग्राम! म्युझियममधल्या माणसाला सांगितलं, आमच्या देवघरात असाच आहे, गंडकी नदीतला. तो म्हणाला, बरोबर आहे, तोही अमोनाइटच. तुमच्याकडे तुळशीच्या लग्नात नवरदेव असतो, त्याच जातकुळीचा जीव तिथे बाईनं शाप दिलेला साप.

"काहीतरीच!" वहिनींनी पटकन देवघराकडे बघितलं.

काळ्या दगडासारखं आणखी एक तिथे मिळतं, जेट. जुन्या लाकडाचा जीवाश्म. नवरा गेल्यावर व्हिक्टोरिया राणीनं ते दागिने दुखवट्यात घातले आणि सगळ्या देशात लाट आली. दुकानदारीण माझ्या मंगळसूत्राकडे बघून विचारते, हे काळे मणी कशासाठी? मी म्हटलं, नवरा आहे म्हणून. बिचारी गोंधळलीच.

कॅप्टन कुक इथेच जहाजाचं काम शिकला, तो शिकताना राहायचा ते घर, त्याचा पुतळा, ते सगळं आहे. ह्यांनी पाहिलं, मी बाकावर बसून चिप्स खाल्ले. हिल्डला मान द्यायला समुद्रपक्षी ॲबीवरून जाताना पंख खाली करतात, असं तिथे म्हणतात. माझ्यासमोर एकानं केले, आणि कागदातला सगळ्यात मोठा तुकडा उचलून गेला.

तर वहिनी, तुमची भाची सप्टेंबरात यॉर्कला शिकायला चाललीय ना? तिथून व्हिटबीची थेट बस आहे. तिला सांगा, कानटोपी ने, वारा कानात शिरतो. पायऱ्यांनीच चढ. चिप्स आत बसून खा. आणि वर गेल्यावर ड्रॅक्युलाचं विचारणारे शंभर असतात, तिनं हिल्डचं विचारावं. तिथे काम करणारी माणसं हे नाव ऐकलं की खुलतात, आणि मग तासभर बोलायची थांबत नाहीत.